सिफिलिसची शंका आली तर: खुणा ओळखण्यापासून रिपोर्ट वाचण्यापर्यंत

सिफिलिसची पहिली जखम सहसा दुखत नाही, आणि काहीही उपचार न करता तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येते. माणूस फसतो तो इथेच. ‘अंगात उष्णता झाली असेल’ म्हणून कुणी सब्जा भिजवून पितं, कुणी गुलकंद खातं, कुणी मेडिकलमधून मलमाची ट्यूब आणतं. जखम भरली की औषध लागू पडलं असं वाटतं. तोवर जंतू रक्तातून सगळ्या अंगात पोचलेले असतात आणि पुढे कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं, बाहेर काहीच दिसत नाही. म्हणून या लेखात एकच गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. दिसणाऱ्या खुणांवरून शंका घ्या, निकाल मात्र रक्ताच्या तपासणीवरूनच लावा, आणि त्या तपासणीत आलेला आकडा कागदावर जपून ठेवा.

आपल्याकडे या आजाराला गरमी किंवा उपदंश म्हणतात. तो होतो ट्रेपोनेमा पॅलिडम नावाच्या मळसूत्रासारख्या जंतूमुळे. 1905 साली जर्मनीत शाउडिन आणि हॉफमन यांनी हा जंतू शोधला, आणि 1943 पासून त्यावर पेनिसिलिन वापरलं जातंय. लवकर सापडला तर एका वेळच्या इंजेक्शनानं पूर्ण बरा होणारा आजार आहे हा. तरीही लोक तो अंगावर काढतात, कारण तपासणीला जायची लाज वाटते. ती लाज थोडी कमी व्हावी, एवढ्यासाठी मी सगळं उघड शब्दांत लिहिणार आहे.

लागण कशी होते

जखमेचा किंवा ओलसर चट्ट्याचा थेट स्पर्श झाला की जंतू कातडीतून किंवा आतल्या नाजूक अस्तरातून शिरतात. योनीमार्गे, गुदमार्गे आणि तोंडानं, तिन्ही प्रकारच्या संबंधांत हे घडतं. ओठावर किंवा तोंडात जखम असेल तर चुंबनानंही लागण होऊ शकते. गरोदर बाईकडून पोटातल्या बाळाला होते. सार्वजनिक संडास, टॉवेल, ताट-वाटी, पोहण्याचा तलाव यांतून होत नाही. निरोधमुळे धोका बराच कमी होतो, पण जखम निरोधनं न झाकलेल्या जागी असेल, म्हणजे वृषणाच्या पिशवीवर, जांघेत किंवा ओठावर, तर निरोध वापरूनही लागण होऊ शकते.

आधी स्वतःचं अंग नीट पाहा

लागण झाल्यापासून 9 ते 90 दिवसांत, बहुधा तीन आठवड्यांच्या आसपास, जिथून जंतू शिरला तिथे जखम उठते. आधी लहानसा फोड येतो, मग तो फुटून गोल व्रण होतो. व्रणाचा तळ स्वच्छ असतो आणि कडा उचललेल्या असतात. बोटांच्या चिमटीत धरला तर खाली शर्टाच्या बटणासारखं कडक लागतं. दुखत नाही. पुस्तकात एकच जखम लिहिलेली असते, प्रत्यक्षात दोन-तीनही असू शकतात. शिवाय वरून दुसरे जंतू वाढले तर ती दुखूही शकते. म्हणून ‘दुखतंय, म्हणजे सिफिलिस नाही’ असा उलटा निष्कर्ष काढू नका.

पुरुषांनी शिश्नाची पुढची कातडी मागे सारून आतली खोबण पाहावी, पिशवीची मागची बाजूही पाहावी. बायकांनी उजेडात आरसा धरून योनीचे ओठ आणि गुदद्वाराभोवतीची जागा पाहावी. पण आतल्या भागात किंवा गर्भाशयाच्या तोंडावर जखम असेल तर ती आरशात दिसणार नाही, दुखत नसल्यानं जाणवणारही नाही. बायकांमध्ये पहिला टप्पा निसटतो तो यामुळे. गुदमार्गे संबंध ठेवणाऱ्या पुरुषांचंही तसंच होतं. तिथली जखम मूळव्याध किंवा चीर समजून सोडून दिली जाते. ओठ, जीभ आणि टाळूही पाहायला विसरू नका.

सोबत जांघेत अवधाण आल्यासारख्या गाठी लागतात. पायाला जखम झाल्यावर येणारं अवधाण दुखतं. या गाठी रबरासारख्या, सुट्या सुट्या आणि न दुखणाऱ्या असतात.

जखम दिसली तर मोबाइलवर तिचा एक स्पष्ट फोटो काढा आणि तारीख लिहून ठेवा. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत ती भरत आलेली असू शकते, आणि मग या फोटोचा फार उपयोग होतो. फोटो लॉक असलेल्या फोल्डरमध्ये ठेवा, कुणाला पाठवू नका.

जखमेवर काहीही लावू नका. हळद नको, लिंबू नको, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मेडिकलमध्ये ‘खाज-खरूज-नायटा’ म्हणून मिळणारं तीन-चार औषधं एकत्र असलेलं स्टेरॉइडचं मलम नको. त्यानं जखमेचं रूपच बदलतं आणि डॉक्टरला ओळखणं अवघड होतं. साध्या पाण्यानं धुवा, कोरडी ठेवा, बस.

दुसरा टप्पा: तळहात आणि तळपाय

जखम भरून गेल्यावर काही आठवड्यांनी ते काही महिन्यांनी अंगावर पुरळ येतं. तांबूस किंवा तपकिरी चट्टे छाती-पोटावर येतात, आणि विशेष म्हणजे तळहातांवर आणि तळपायांवरही येतात. सहसा खाजत नाहीत. सावळ्या कातडीवर लाली उठून दिसत नाही, चट्टे काळपट किंवा तांब्याच्या रंगाचे दिसतात. त्यामुळे आपल्या लोकांत ते घामोळं, ॲलर्जी किंवा ‘पित्त उठलं’ म्हणून खपून जातात. तळहात-तळपायांवर न खाजणारे चट्टे आले असतील तर कारण काहीही वाटत असो, सिफिलिसची तपासणी करून घ्यावी. हा नियम मी कुणासाठीही सोडणार नाही, मग तो माणूस वयस्कर असो वा सोवळा.

या टप्प्यात आणखी काही गोष्टी दिसतात. बारीक ताप येतो, घसा धरतो, काखेत, मानेत आणि कोपरापाशी गाठी येतात. डोक्याचे केस कुरतडल्यासारखे ठिकठिकाणी गळतात, भुवयांची बाहेरची टोकं विरळ होतात. तोंडात पांढुरके चट्टे येतात. गुदद्वाराभोवती किंवा योनीपाशी ओलसर, चपटे, राखाडी रंगाचे उंचवटे येतात. हे उंचवटे चामखीळ समजून जाळून घेणारे लोक आहेत. त्यांत जंतू ठासून भरलेले असतात, आणि आजार सर्वांत जास्त पसरतो तो याच काळात.

हेही सगळं आपोआप मावळतं. मग सुप्त काळ सुरू होतो. अंगावर काही नाही, त्रास काही नाही, फक्त रक्त बोलतं. उपचार न घेतलेल्यांपैकी काहींना दहा-वीस वर्षांनी हृदयाची महाधमनी, मेंदू आणि मज्जारज्जू यांचे गंभीर त्रास होतात.

एक गोष्ट मात्र कुठल्याही टप्प्यात घडू शकते, आणि तिला उद्याचीही वाट पाहू नये. सिफिलिस डोळ्यांत, कानांत किंवा मेंदूत शिरू शकतो. अचानक दिसायला अंधूक झालं, डोळा लाल होऊन दुखू लागला, ऐकू कमी येऊ लागलं, कानात सतत आवाज येऊ लागला, न थांबणारी डोकेदुखी झाली किंवा चेहऱ्याची अथवा अंगाची एक बाजू लुळी पडली, तर सरळ मोठं रुग्णालय गाठा आणि सिफिलिसची शंका असल्याचं तिथे सांगा. अशा वेळी साधं इंजेक्शन पुरत नाही, दाखल होऊन शिरेतून पेनिसिलिन घ्यावं लागतं.

तसंच दिसणारं, पण वेगळं

नागिणीच्या घराण्यातल्या हर्पिस विषाणूमुळे बारीक पाणीदार फोडांचा घोस येतो. तो फुटून आग होते, आणि तो पुन्हा पुन्हा त्याच जागी येतो. शँक्रॉइड या आजाराच्या जखमा मऊ, घाणेरड्या तळाच्या आणि फार दुखऱ्या असतात, जांघेतली गाठ पिकून फुटते. लघवीच्या जागेतून पू येत असेल आणि जळजळ होत असेल तर परमा किंवा क्लॅमिडियाचा विचार करावा लागतो. खरजेचे फोड रात्री भयंकर खाजतात आणि घरातल्या इतरांनाही असतात.

एक कारण फारसं कुणाच्या लक्षात येत नाही: गोळ्यांची ॲलर्जी. जुलाबाची, तापाची किंवा अंगदुखीची गोळी घेतल्यावर शिश्नाच्या टोकावर दर वेळी त्याच जागी जांभळट-काळा चट्टा उठतो, कधी सोलवटतो. ही औषधाची प्रतिक्रिया असते. पण गेल्या काही महिन्यांत नवा संबंध आला असेल तर रक्ताची तपासणी त्यांनीही करावी. दोन आजार एकाच वेळी असू शकतात.

तपासणी कधी करायची

खूण दिसत असेल तर आजच. खूण नाही, पण निरोधशिवाय संबंध आल्याची चिंता आहे, तर एक तपासणी लगेच करा, म्हणजे आधीची स्थिती कळेल. नंतर सहा आठवड्यांनी करा आणि तीन महिने पूर्ण झाल्यावर शेवटची. दुसऱ्याच दिवशी केलेली एकच तपासणी निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होणं चूक आहे, कारण रक्तात प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार व्हायला वेळ लागतो.

संबंधाला अजून 72 तास झाले नसतील आणि समोरच्याला एचआयव्ही असण्याची शक्यता असेल, तर सिफिलिस बाजूला ठेवा. आधी सरकारी रुग्णालयात जाऊन एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या मागा. त्या जितक्या लवकर सुरू होतील तितक्या उपयोगी, आणि 72 तासांनंतर त्यांचा काही उपयोग राहत नाही. लैंगिक अत्याचार झाला असेल तर सरकारी असो वा खाजगी, कुठल्याही रुग्णालयानं तातडीचा उपचार मोफत देणं कायद्यानं बंधनकारक आहे.

तपासणी करायची म्हणून रक्तदान करणारेही असतात. रक्तपेढीत सिफिलिससाठी रक्त तपासतात हे खरं, पण लागणीच्या सुरुवातीच्या दिवसांत ती तपासणी चुकू शकते आणि ते रक्त दुसऱ्या कुणाला जाऊ शकतं. असं कृपया करू नका.

जायचं कुठे आणि सांगायचं काय

भिंतींवर आणि लोकलच्या डब्यांत ‘गुप्तरोग, शर्तिया इलाज’ अशा चिठ्ठ्या चिकटवलेल्या असतात. त्या पत्त्यांवर जाऊ नका. तिथे तपासणी होत नाही, भीती वाढवून पैसे मात्र घेतले जातात.

जिल्हा रुग्णालय आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं इथे त्वचारोग व गुप्तरोग विभाग असतो, आणि त्याला जोडून सुरक्षा क्लिनिक. काही ठिकाणी आता ‘संपूर्ण सुरक्षा केंद्र’ अशी पाटी दिसेल. तिथे समुपदेशक बसतात, तपासणी आणि औषधं मोफत असतात. एचआयव्हीची तपासणी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात होते, बोलीभाषेत सगळे त्याला आयसीटीसी म्हणतात. गोव्यातल्या लोकांना बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, ही सोय आहे. जवळचं केंद्र कुठलं हे 1097 या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर विचारता येतं, नाव सांगावं लागत नाही. खाजगीत जायचं असेल तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. पदवीत ‘व्हेनेरिऑलॉजी’ किंवा पदविकेत ‘डीव्हीडी’ असं लिहिलेलं असेल तर तो याच विषयाचा डॉक्टर. रक्ताची साधी तपासणी खाजगी लॅबमध्येही काहीशे रुपयांत होते.

ओपीडी सकाळची असते, लवकर जा. केसपेपर काढताना खिडकीवर ‘त्वचा विभाग’ एवढंच सांगितलं तरी चालतं, तिथे आजाराचं वर्णन करायची गरज नाही. उपाशीपोटी जावं लागत नाही.

डॉक्टरांसमोर बसल्यावर मात्र आडपडदा ठेवू नका. जखम किंवा चट्टे कधी दिसले, शेवटचा संबंध कधी आला, कुठल्या प्रकारचा आला (तोंडानं, योनीमार्गे, गुदमार्गे), गेल्या तीन महिन्यांत किती जोडीदार झाले, निरोध होता का, आतापर्यंत कुठल्या गोळ्या घेतल्या, पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, बाई असेल तर पाळी कधी आली, एवढं सांगितलं की डॉक्टरांचं अर्धं काम होतं. पुरुषानं पुरुषाशी संबंध ठेवले असतील तर तेही सांगा, कारण तपासायची जागा त्यानुसार बदलते. संमतीनं ठेवलेले असे संबंध 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुन्ह्याच्या व्याख्येतून काढले आहेत. डॉक्टर ओरडले, नावं ठेवू लागले, तर समुपदेशकाकडे जा किंवा दुसरं केंद्र पाहा, पण तपासणी सोडू नका.

कोणत्या तपासण्या होतात

ओल्या जखमेतला द्रव काढून खास सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर वळवळणारे जंतू थेट दिसतात. ही सोय मोजक्याच ठिकाणी असते, म्हणून बहुतेकांची तपासणी रक्तावरच होते. रक्ताच्या तपासण्यांचे दोन गट आहेत. हे दोन गट नीट समजले की रिपोर्टची भीती पुष्कळ कमी होते.

पहिला गट व्हीडीआरएल आणि आरपीआर यांचा. सिफिलिसमुळे पेशींची मोडतोड होते, तेव्हा कार्डिओलिपिन नावाच्या स्निग्ध पदार्थाविरुद्ध रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. ती या चाचण्या पकडतात. म्हणजे त्या जंतूला थेट ओळखत नाहीत. त्यांचा मोठा गुण असा, की त्या आकडा देतात. रक्तजल दर पायरीला दुप्पट पातळ करत नेतात, 1:2, 1:4, 1:8, 1:16, 1:32, आणि शेवटी जिथवर प्रतिक्रिया दिसते तो आकडा लिहितात. आजार जोरात असेल तर आकडा मोठा येतो, आणि उपचार लागू पडला की तो उतरतो.

दुसरा गट टीपीएचए, टीपीपीए आणि बोटातून थेंबभर रक्त घेऊन पंधरा-वीस मिनिटांत होणाऱ्या पट्टीच्या चाचणीचा. या चाचण्या जंतूविरुद्धची खास प्रतिपिंडं शोधतात, म्हणून जास्त विश्वासार्ह. पण एकदा पॉझिटिव्ह आल्या की बहुतेकांत त्या आयुष्यभर पॉझिटिव्हच राहतात, आजार पूर्ण बरा झाला तरी. त्यामुळे उपचार लागू पडला का हे त्यांच्यावरून कळत नाही.

लॅबमध्ये गेल्यावर ‘व्हीडीआरएल करा, रिॲक्टिव्ह आली तर टायटर काढा आणि टीपीएचए पण करा’ असं स्पष्ट सांगा. रिॲक्टिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह, आणि टायटर म्हणजे वर सांगितलेला आकडा. सोबत एचआयव्ही आणि कावीळ बी व सी यांच्या तपासण्या करून घ्याव्यात. सिफिलिसच्या जखमेतून एचआयव्ही शिरायला सोपं जातं. एचआयव्हीची तपासणी तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो, असा 2017 चा कायदा आहे.

रिपोर्ट कसा वाचायचा

व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह आणि टीपीएचए पॉझिटिव्ह: सिफिलिस आहे, किंवा पूर्वी उपचार झालेला जुना आहे. पूर्वीचे कागद नसतील तर आजार आहे असं धरूनच उपचार करतात, आणि ते योग्यच आहे.

व्हीडीआरएल रिॲक्टिव्ह, टीपीएचए निगेटिव्ह: बहुधा खोटा पॉझिटिव्ह. गरोदरपण, मलेरिया, कुष्ठरोग, ल्युपससारखे सांध्यांचे व कातडीचे आजार, उतारवय, यांत असं होतं. आकडा सहसा 1:8 च्या खाली असतो. हा रिपोर्ट फार घरं मोडतो. नुसत्या व्हीडीआरएलवरून बायकोवर किंवा नवऱ्यावर संशय घेऊ नका, दुसरी तपासणी होईपर्यंत तोंडातून एक शब्दही काढू नका.

व्हीडीआरएल निगेटिव्ह, टीपीएचए पॉझिटिव्ह: जुना बरा झालेला आजार, फार जुना सुप्त आजार, किंवा अगदी नवी लागण. यातलं कुठलं हे तुमच्या इतिहासावरून डॉक्टर ठरवतात. आखाती देशांच्या व्हिसासाठी वैद्यकीय तपासणी होते त्यात सिफिलिसही तपासतात, आणि कोकणातल्या कित्येक मुलांना या आजाराचं नाव प्रथम तिथेच कळतं. म्हणून जुना उपचार झाला असेल तर इंजेक्शनाच्या नोंदीचा कागद जन्मभर सांभाळा. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला तो लागणार आहे.

दोन्ही निगेटिव्ह: लागण नाही, किंवा तपासणी फार लवकर झाली. पहिल्या टप्प्यात, जखम समोर दिसत असताना, शंभरातल्या वीस-एक जणांत व्हीडीआरएल निगेटिव्ह येऊ शकते. जखम संशयास्पद असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता इंजेक्शन देतात, त्याला नकार देऊ नका. दुसऱ्या टप्प्यात याच्या उलट घडतं. प्रतिपिंडं इतकी जास्त असतात की पातळ न केलेल्या रक्तात चाचणी फसते आणि निगेटिव्ह दिसते. अंगभर चट्टे आहेत आणि रिपोर्ट निगेटिव्ह, असं असेल तर ‘सॅम्पल पातळ करून पुन्हा पाहा’ असं लॅबला आवर्जून सांगायला हवं.

उपचार

लागण अलीकडची असेल तर बेंझाथीन पेनिसिलिनचं 24 लाख युनिटचं इंजेक्शन एकदा, दोन्ही कुल्ल्यांत 12-12 लाख वाटून. पेनिड्युर या नावानं ते ओळखलं जातं. हृदयाच्या झडपांना संधिवाताच्या तापाचा त्रास झालेल्या मुलांना दर तीन आठवड्यांनी देतात तेच हे औषध. जुना किंवा किती जुना ते न कळणारा आजार असेल तर दर आठवड्याला एक, असे तीन डोस. इंजेक्शन घट्ट असतं, जागा दोन दिवस ठणकते. देण्याआधी ॲलर्जीची चौकशी आणि चाचणी होते, नंतर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात. उठून जाऊ नका.

पेनिसिलिन चालत नसेल तर डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा 14 दिवस, जुन्या आजारात 28 दिवस देतात. गरोदर बाईला मात्र हा पर्याय चालत नाही. तिला पेनिसिलिनच द्यावं लागतं, ॲलर्जी असेल तर रुग्णालयात हळूहळू सवय करून. मेडिकलमधून ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्या स्वतःच घेण्याची पद्धत पडली आहे, ती घातक आहे. या औषधाला दाद न देणारे सिफिलिसचे जंतू जगभर सापडलेत.

इंजेक्शननंतर पहिल्या 24 तासांत काहींना थंडी वाजून ताप येतो, अंग दुखतं, चट्टे जास्त लाल दिसतात. जंतू एकदम मरतात म्हणून हे होतं, ॲलर्जी म्हणून नव्हे. पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, दिवसभरात ओसरतं. गरोदर बाईला यामुळे कळा येऊ लागल्या किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर लगेच रुग्णालयात जावं. श्वास लागला, अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले तर मात्र ती ॲलर्जी, तीही तातडीची.

जोडीदाराला सांगणं

सगळ्यात अवघड पायरी हीच. पण जोडीदाराचा उपचार झाला नाही तर तुमचा उपचार वाया जातो, कारण एकदा झाला म्हणून पुन्हा होत नाही असं या आजारात नसतं. गेल्या तीन महिन्यांतल्या सगळ्या जोडीदारांना कळवायला हवं, आजार जुना असेल तर त्याआधीच्यांनाही. अलीकडे संबंध आलेल्याला रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी इंजेक्शन देतात.

बोलायला शब्द सुचत नसतील तर एवढंच बोला: ‘माझ्या रक्तात एक आजार निघालाय. इंजेक्शनानं बरा होतो. तुझंही रक्त तपासायला लागेल, आपण दोघं एकत्र जाऊ.’ कुणाकडून कुणाला आला हा विषय त्या दिवशी काढू नका. रक्तावरून तो प्रश्न सुटतही नाही, सुप्त आजार लग्नाच्या कितीतरी आधीचा असू शकतो. गरोदरपणात बाईची पहिल्यांदा तपासणी होते, म्हणून आजार तिच्या नावावर लागतो आणि सासरचे तिलाच दोष देतात. नवऱ्याचं रक्त तोवर कुणी तपासलेलंच नसतं. हा अन्याय आहे, आणि तो थांबवण्याचा रस्ता म्हणजे नवऱ्याची तपासणी त्याच आठवड्यात करणं. मारहाणीची भीती असेल तर समुपदेशकाला सांगा, ते जोडीदाराला बोलावण्याचं काम हाती घेतात.

दोघांचे उपचार पूर्ण होऊन जखमा पूर्ण भरेपर्यंत संबंध ठेवू नयेत, निरोध वापरूनही नाही.

दिवस गेले असतील तर

दिवस राहिल्याचं कळताच, शक्यतो पहिल्या तीन महिन्यांत, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा दवाखान्यात सिफिलिसची तपासणी करून घ्या. काही केंद्रांत एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही एकाच पट्टीवर पाहतात. आशाताईंनी किंवा नर्सबाईंनी आपणहून केली नाही तर मागून घ्या. उपचार न झाल्यास गर्भपात होऊ शकतो, बाळ पोटातच दगावू शकतं किंवा आजार घेऊन जन्मू शकतं. बाळंतपणाच्या किमान 30 दिवस आधी आईला पेनिसिलिन मिळालं तर बाळ बहुतेक वेळा सुरक्षित राहतं. इतक्या स्वस्त इंजेक्शनानं इतकं मोठं दुःख टळतं, अशी उदाहरणं वैद्यकात थोडीच आहेत. जोखीम असेल तर सातव्या महिन्यानंतर पुन्हा तपासावं. जन्मल्यावर बाळाचं रक्तही तपासून घ्या, आणि आईच्या उपचाराचा कागद बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

बरा झाला हे कसं कळणार

तीन, सहा आणि बारा महिन्यांनी व्हीडीआरएलचा आकडा पुन्हा काढा, जुना आजार असेल तर चोवीस महिन्यांनीही. एचआयव्हीसोबत जगणाऱ्यांनी यात एकही तारीख चुकवू नये. आकडा निदान दोन पायऱ्या उतरायला हवा, म्हणजे 1:32 चा 1:8 किंवा त्याहून कमी. अलीकडच्या आजारात हे सहा महिने ते वर्षभरात होतं. दर वेळी लॅब तीच आणि चाचणीही तीच ठेवा, कारण व्हीडीआरएल आणि आरपीआर यांच्या आकड्यांची एकमेकांशी तुलना करता येत नाही. काहींचा आकडा 1:1 किंवा 1:2 वर अडून राहतो आणि हलत नाही. उतरून तिथे थांबला असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. उतरलेला आकडा पुन्हा दोन पायऱ्या चढला, 1:2 चा 1:8 झाला, तर मात्र नवी लागण झाली आहे किंवा उपचार अपुरा पडला आहे, आणि पुन्हा डॉक्टरकडे जायलाच हवं.

वहीच्या एका पानावर चार रकाने आखा: तारीख, लॅब, चाचणी, आकडा. खाली इंजेक्शनांच्या तारखा लिहा. नवे किंवा एकाहून अधिक जोडीदार असतील तर काही त्रास नसतानाही वर्षातून एकदा, आणि जोडीदार वारंवार बदलत असतील तर दर तीन ते सहा महिन्यांनी, त्या पानावर एक ओळ वाढली पाहिजे. आधी टीपीएचए पॉझिटिव्ह येऊन गेलेल्यांनी नंतरच्या या तपासण्यांत पट्टीच्या चाचणीचा आग्रह धरू नये, ती पॉझिटिव्हच येणार. व्हीडीआरएल आकड्यासह मागावी आणि ते पान सोबत न्यावं.